तीन मिलिमीटर पूर्वेला

ओळंब्याचं टोक टेबलावरच्या फुलीपासून तीन मिलिमीटर पूर्वेला होतं.

झोका पुरता थांबेपर्यंत मी वाट पाहिली. एका झोक्याला दोन सेकंद लागत होते, म्हणजे दोरी मीटरभर असणार. खिडक्या बंद, पंखे बंद. वाऱ्याचा दोष नव्हता. टोक स्थिर झालं ते फुलीच्या शेजारीच.

सांगावं का? लॅब माझी होती, पण ओळंबा माझा नव्हता. मी टेबलापासून दोन पावलांवर उभी राहून नुसती बघत राहिले.

तेलंगणात, उटनूरच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. संक्रांतीच्या सुट्टीत आमची लॅब हैदराबादच्या एका फिल्म कंपनीला दोन दिवस दिली होती आणि काचसामान सांभाळायला कोणीतरी हवं होतं. स्टाफरूममध्ये जो तो गावाला निघायच्या गडबडीत. मी म्हणाले, मी येते. प्राचार्यांना माझ्या निष्ठेचं फार कौतुक वाटलं.

खरं कारण आदिलाबादला आमच्या घरात बसलं होतं.

विनूताई, माझी मोठी बहीण, जाऊन दोन वर्षं झाली. तिचे यजमान आलोकभाऊजी निर्मलला बँकेत आहेत. मुलगी पूनम पाच वर्षांची. दोघं सणाला आमच्याकडे आली होती. ताईच्या जागी मी जावं, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. बळजबरी कोणीच केली नाही. बाबांनी दीड वर्षापूर्वी एकदाच विचारलं आणि मी "बघू" म्हणाले. बाबांचा जन्म तहसिलीत, मिसली म्हणजे दाव्यांच्या फायली चाळण्यात गेलेला. तेव्हापासून दर सणाला ते म्हणतात, "देवू, मिसल किती दिवस मुलतवी ठेवायची? फैसला दे." भाऊजी वाईट असते तर सोपं होतं. ते भले होते. आणि पूनम झोपेत ताईसारखीच उजवी मूठ गालाखाली घेते...

म्हणून मी उटनूरला आले होते. टेबलाच्या दोन बाजूंना चाकांचे दोन उंच स्टँड, त्यांच्यावर एक आडवा पाइप. पाइपच्या मधोमध कॅमेरा टांगायचा, तोंड जमिनीकडे. टेबलावर जे चालेल ते डोक्यावरून, सरळ खाली टिपायचं. कॅमेरा अजून पेटीत होता. त्याच्या जागी ओळंबा लावला होता. एक माणूस शिडीवर चढून पाइप सावरत होता आणि खाली एक स्टँड आमच्या फकिरामामांनी धरला होता. मामा लॅबचे अटेंडर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले.

शिडीवरच्या माणसाने हाताने खूण केली. मामांनी स्टँड हळूच ढकलला.

"आगू," तो म्हणाला.

मामांनी जोर लावला.

"आगू! आगू!"

मामांनी आणखी जोर लावला. पाइपचं टोक आम्लाच्या बाटल्यांच्या फळीकडे निघालं. मी कधी धावले ते मला आठवत नाही. दोन्ही हातांनी मी स्टँड धरला होता आणि "थांबा!" असं ओरडले होते, एवढंच आठवतं.

पाइप पहिल्या बाटलीपासून चार बोटांवर थांबला. ओळंबा वेड्यासारखा हेलकावत होता.

"आगू आगू म्हनलं तं आगूच गेलो न मी!" मामा चिडले. "अजून किती आगू जाऊ? भितीत घुसू?"

शिडीवरचा माणूस क्षणभर बघतच राहिला. मग हसू दाबत खाली उतरला.

"मामा, आगू म्हंजे तेलगूत थांबा." ही तर आमच्याच बाजूची बोली! "चूक माही हाये. नऊ वर्सं हैदराबादेत राहून तोंडात तेच बसलं. ज्याले ऐकाचं त्याच्या बोलीत सांगाले पाह्यजे होतं."

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"तामसीचा. जीवन नाव." त्याने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. "अन् मॅडम, तुमी थांबा म्हनलं तं माहा श्वास बी थांबला."

मी स्टँडवरचे हात काढून घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं. जे मनात होतं तेच तोंडातून आलं.

"तुमचा ओळंबा तीन मिलिमीटर पूर्वेला होता. हे सगळं व्हायच्या आधी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग स्टँड खडूच्या जुन्या खुणेवर आणून ठेवला, आणि झोका थांबायची वाट पाहू लागला. ओळंब्याला हात लावला नाही. बहुतेक माणसं घाई करतात, बोटाने धरून थांबवतात. हा थांबला... मीही थांबले. मग त्याने खिशातून स्टीलची पट्टी काढली.

"तीन," तो म्हणाला. "डोळ्यानं मोजलं तुमी?"

"ब्युरेटवरच्या बारीक रेघा वाचून सवय आहे."

"मंग तुमच्यासमोर जपून राहावं लागन."

"का?"

"मानूस किती सरकला तेबी दिसत असन तुमाले."

मी फळीवरच्या बाटल्या मोजायला वळले. चौदा होत्या. दोनदा मोजल्या.

*

शॉट असा होता. सिनेमाची नायिका लॅबमध्ये टायट्रेशन करते आहे. वरून अल्कलीचा थेंब पडतो, खालचं आम्लाचं पाणी गुलाबी होतं. दिग्दर्शक प्रवीण, तेलगू आदराने सगळ्यांचे प्रवीणगारू, यांना ते अगदी वरून हवं होतं, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर एक गोल आणि त्यात फुलणारा रंग.

अडचण साधीच होती. टायट्रेशनमध्ये ब्युरेटची काचनळी भांड्याच्या बरोबर वर असते. कॅमेराही बरोबर वरच हवा. म्हणजे कॅमेऱ्याला दिसणार फक्त ब्युरेट.

"ड्रॉपरने थेंब टाकू," प्रवीणगारू म्हणाले.

"असं कोणी टायट्रेशन करत नाही," मी तेलगूत म्हणाले. 

"मॅडम बरोबर बोलून राह्यल्या," पाठीमागून जीवनचा आवाज आला, मराठीत. मग तोच प्रवीणगारूंसाठी तेलगूत. कॉलेजची मुलं सिनेमा बघतील, सर. हसतील.

मी मागच्या कपाटातून जुनी ब्युरेट काढली. अल्कलीने काचेची तोटी अडकते, म्हणून पूर्वी तोटीच्या जागी रबरी नळी लावत आणि ती चिमट्याने बंद ठेवत; चिमटा दाबला की थेंब सुटतो. ही ब्युरेट बाजूला उभी करता येत होती. रबरी नळी वळवून तिचं टोक तेवढं भांड्याच्या काठावर आणायचं. फ्लास्कचा गळा अरुंद होता, त्याच्या जागी मी बीकर मान्य केला. काचेच्या दांडीने ढवळलं की झालं.

जीवन नळीकडे बघत राहिला. "इतकं सोपं होतं?"

"जुनं होतं," मी म्हणाले.

पण नायिकेला चिमटा साधेना. एका दाबात चार-चार थेंब. बिचारीने वीस वेळा प्रयत्न केला. मग प्रवीणगारूंनी माझ्या हातांकडे पाहिलं. दहा मिनिटांत माझ्या हातात तिच्या दोन हिरव्या बांगड्या होत्या.

आता कॅमेरा वर टांगलेला होता. लेन्ससकट साडेसहा किलो. मी स्टुलावर बसायला गेले तर जीवन मध्ये आला.

"तुमी मंग. आधी मी."

तो स्टुलावर बसला. टेबलावर वाकला, अगदी मी वाकणार होते तितका. डोकं कॅमेऱ्याखाली. घड्याळ काढून समोर ठेवलं. बाकीचे आपापल्या कामात होते. त्यांना हे सवयीचं असावं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दहा मिन्टं. पाइप वाकाचा असन, क्लॅम्प सरकाचा असन, तं तेवढ्यात सरकते."

"आणि सरकला तर?"

"तं माह्या डोक्यावर."

तो खाली मान घालूनच बोलत होता. "चार वर्सांआधी एक लेन्स पडली. मेकअपवाल्या बाईच्या गुडघ्याजवळ, अशी... इतभर. क्लॅम्प म्याच लावला होता. आवळला असं वाटलं होतं मले. वाटलं होतं." थोडा थांबला. "तवापासून तार बी बांधतो अन् बसतो बी. वाटण्यावर नाई सोडत."

मी वर पाहिलं. क्लॅम्पशिवाय एक बारीक पोलादी तार कॅमेऱ्यातून निघून पाइपभोवती दोनदा गुंडाळली होती. मी गाठ तपासली. चांगली होती.

दहा मिनिटं होऊन गेली. तो उठला तेव्हा स्टूल गरम होतं. थंडीचे दिवस होते... ते जाणवलं, एवढंच लिहिते.

*

दुसऱ्या दिवशी अकरा टेक झाले. कधी बांगडी वाजली, कधी ढगाने उजेड बदलला. जीवन मॉनिटरजवळ उभा असायचा. त्याला फक्त माझे हात दिसत असणार, वरून. प्रत्येक टेकनंतर मी बीकर धुऊन नवं आम्ल घ्यायची आणि तो शिडीवर चढून क्लॅम्पला हात लावून यायचा.

"एक इचारू?" नवव्या टेकनंतर तो म्हणाला. "रंग येते, जाते. येते, जाते. मंग तुमी एकदम हळू होता. कसं समजते, आता आलं म्हून?"

"रंग जायला वेळ लावतो. आधी लगेच विरतो. मग जरा रेंगाळतो. रेंगाळायला लागला की एकेक थेंब."

"अन् एक थेंब जास्ती पडला तं?"

"परत पहिल्यापासून."

"अन् तो एक थेंब टाकलाच नाई तं?"

मी बीकर धूत होते. नळाचं पाणी फार गार होतं.

"मग उत्तर येत नाही," मी म्हणाले.

"दांडी नुसती फिरवत राहाची."

"हो."

तो क्लॅम्प तपासायला शिडीकडे वळला. अकराव्या टेकला रंग आला आणि राहिला. प्रवीणगारू "कट" म्हणायचं विसरले. मी चिमटा सोडून हात आवरले. मग फकिरामामाच म्हणाले, "झालं का? का अजून आगू?"

सगळे हसले. जीवनही हसला, पण त्याचे डोळे मॉनिटरवरच होते. तिथे आता माझे हातही नव्हते.

*

सामान ट्रकने हैदराबादला गेलं. जीवन आधी एक रात्र तामसीला, आईकडे जाणार होता. आदिलाबादपर्यंत आमची बस एकच.

गुडीहत्नूरला बस थांबते. ड्रायव्हर चहाला उतरतो. आम्हीही उतरलो. हायवेवरून कापसाच्या गाड्या चालल्या होत्या. पाच वाजायला आले होते आणि ऊन अजून अंगाला बरं वाटत होतं.

"एवढ्या हुशार बाईनं सणाची सुट्टी लॅबीत काऊन घालवली?" त्याने चहाचा ग्लास माझ्या हातात दिला. "घरी तीळ निवडाले लावून राह्यले होते का?"

मी सांगितलं. असं मी कोणाला सांगत नाही. पण त्याने विचारलं आणि वाट पाहिली, ओळंब्याची पाहिली होती तशी. ताईचं सांगितलं. भाऊजींचं, पूनमचं. "बघू" म्हणाले ते सांगितलं.

"मंग त्यायनं काय समजून घेतलं?"

"होकार. बाबांनी निर्मलला कळवलंसुद्धा, देवू तयार आहे, थोडा वेळ द्या."

"अन् तुमाले काय म्हनाचं होतं?"

मी ग्लास दोन्ही हातांत धरला. "नाही म्हणायचं होतं. ताईला जाऊन सहाच महिने झाले होते. बाबांच्या तोंडावर... तो शब्द निघाला नाही."

जीवनने रस्त्याकडे नजर वळवली.

"फकिरामामासारखं झालं हे," तो म्हणाला. "तुमी आगू म्हनून राह्यल्या... त्यायले पुढंच चला ऐकू आलं. त्यायची काय चूक? ते बिचारे ढकलून राह्यले."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्षात हे कोणी मला असं सांगितलं नव्हतं. मी स्वतःला भिडस्त समजत होते, प्रेमळ समजत होते. माझ्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात, आणि ज्या माणसाचं आयुष्य त्यावर टांगलं आहे त्याला मी अर्थ सांगितलेलाच नाही, हे मी पाहिलं नव्हतं.

"भाऊजींशी तुमी बोलल्या कधी? याच्यावर?"

"एकदाही नाही. ते बाबांशी बोलतात, बाबा माझ्याशी."

"तो बी मानूस दीड वर्सापासून खालीच बसून हाये मंग. वर काय टांगलं हाये ते माहीत नाई."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. कोणी हललं नाही.

"मले बी एक इचाराचं होतं," जीवन म्हणाला. मग मान हलवली. "पन नाई इचारत."

"का?"

"एका पाइपावर दोन वजनं टांगू नाई. पैलं उतरवा तुमी. ते माह्यासाठी नाई, हां. मी नसतो तरी उतरवाचंच होतं ते."

"आणि उतरवलं तर?"

"तं उद्या फोन करतो. तवा इचारतो."

"किती वाजता?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू हळूहळू आलं. "मॅडम, सवाल काय हाये ते तं इचारा आधी."

"ते मला दिसलंय," मी म्हणाले. "मी डोळ्याने मोजते."

आता त्याची नजर रस्त्याकडे नव्हती. तो माझ्याकडेच बघत होता. हॉर्न पुन्हा वाजला. मी ग्लास ठेवला आणि बसमध्ये चढले. कानशिलं तापली होती. बाहेर जेमतेम वीस अंश असेल.

"नऊ वाजता," पाठीमागच्या सीटवरून आवाज आला. "सकाळी."

*

आदिलाबादच्या स्टँडवर तो तामसीच्या बसकडे गेला आणि मी घराकडे चालत निघाले. वाटेत एक गोष्ट तपासून पाहिली. प्रयोगात एक पदार्थ काढून टाकायचा आणि बाकी सगळं तसंच ठेवून पुन्हा करून पाहायचं, ही आमची रीत आहे. मी जीवनला काढून टाकलं. उद्या नऊ वाजता फोन आला नाही, कधीच आला नाही, असं धरलं. भाऊजींना सांगायचं वाक्य तेच राहिलं. मग मात्र मी भरभर चालू लागले.

अंगणात भाऊजी ऊस सोलून पूनमला करवे देत होते. बाबा खुर्चीत, पायावर शाल. पूनम मला बघून धावत आली, चिकट हातांनी बिलगली. "मावशी, तुझ्या हातात बांगड्या!" काढायच्या राहूनच गेल्या होत्या.

"आली का देवू," बाबा म्हणाले. "बरं झालं. परवा संक्रांत झाली की आलोकराव निघतात. म्हटलं, सणाच्या तोंडावर मिसल..."

"बाबा, पाच मिनिटं."

मी पूनमला तिच्या वाटीसकट आत पाठवलं, तिळाचे लाडू किती झाले ते मोजून आण म्हणून. मग चौरंग ओढून भाऊजींसमोर बसले. बाबांकडे पाठ झाली. असं मी कधी बसले नव्हते. भाऊजींच्या हातातला चाकू थांबला. जवळून पाहिलं तर कानाजवळचे त्यांचे केस पांढरे झाले होते. ते कधी झाले, ते मी पाहिलंच नव्हतं. ताईच्या लग्नात हा माणूस किती हसत होता...

"भाऊजी, दीड वर्षापूर्वी बाबांनी मला विचारलं होतं. तुम्हाला त्यांनी काय कळवलं ते मला माहीत आहे. चूक त्यांची नाही, माझी आहे. मी स्पष्ट बोलले नाही."

पाठीमागे बाबांची खुर्ची करकरली.  उसाचं अर्धं कांडं भाऊजींनी ताटलीत ठेवलं आणि हात मांडीला पुसले, ऐकायला बसावं तसे.

"पूनम माझी आहे. सुट्टीत, आजारपणात, शाळेच्या फॉर्मवर... जिथे लागेल तिथे मी येईन. पण त्यासाठी तुम्ही थांबून राहू नका. मी तुम्हाला थांबवून ठेवलं, त्याबद्दल..."  मी एकदा श्वास घेतला. "भाऊजी, मी तुमच्याशी लग्न करणार नाही."